मानेत नस दबली आहे हे हातावरून कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, कोथरूड ते हिंजवडी रोज स्कूटरने जा-ये. तीन आठवड्यांपासून उजव्या फऱ्याच्या आतल्या बाजूला ठणका, मधल्या बोटाला मुंग्या. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ (मानेच्या मणक्यांची झीज) लिहून आलंय. कोणी म्हणतं नस दबली, कोणी म्हणतं खांदा आखडला. नक्की काय ते ओळखायचं कसं?

फऱ्याच्या आत खोलवर ठणका आणि त्याच बाजूच्या मधल्या बोटाला मुंग्या, ही जोडी ऐकली की पहिला संशय मानेतल्या सातव्या नसेवर जातो. अर्थात संशयच, निदान नव्हे. मान किती दुखते यावरून नस दबली की नाही हे ठरत नाही. नस दबलेल्या अनेकांची मान फारशी दुखत नसते, आणि मान पार आखडलेल्या बहुतेकांची नस मोकळी असते. म्हणून बघायचं ते हाताकडे. दुखणं आणि मुंग्या कुठल्या रेषेने खाली उतरतात, मान हलवली की त्यात फरक पडतो का, आणि हातातली ताकद कमी झाली आहे का. यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि घरी नेमकं तेच कोणी तपासत नाही.

आधी आत काय होतं ते बघू. मानेत मणके ७, नसांच्या जोड्या मात्र ८. हाताकडे जाणारी प्रत्येक नस दोन मणक्यांमधल्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. छिद्राच्या पुढच्या अंगाला मणक्यांमधली गादी असते आणि मागच्या अंगाला छोटा सांधा. तिशी-चाळिशीत त्रास होतो तो बहुधा गादीचा भाग मागे-बाजूला सरकल्याने. पन्नाशीनंतर कडेने हाड वाढून छिद्रच अरुंद झालेलं असतं. पण नुसत्या दाबाने एवढं दुखत नाही. दाबाच्या जोडीला नसेला सूज येते आणि खरा ठणका त्या सुजेचा असतो. गादी तिथेच असली तरी काही आठवड्यांत माणूस बरा होतो तो त्यामुळेच. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे, मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवली की ते छिद्र आणखी लहान होतं आणि थोडी पुढे झुकवली की मोकळं होतं. घरच्या चाचण्या आणि पथ्य यांतलं बरंचसं या एका गोष्टीवरून समजतं.

आता हातातली रेषा. पाचवी नस दबली तर दुखणं खांद्याच्या टोकावर आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला थांबतं. बोटांत मुंग्या नसतात, हात बाजूने वर उचलताना जड लागतो. आखडलेला खांदा समजून हिच्यावर महिनोन्‌महिने शेक घेतले जातात. सहावी नस दंडावरून कोपराच्या पुढे अंगठ्याच्या बाजूने उतरते, मुंग्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला येतात, कोपर वाकवण्याची आणि मनगट वर उचलून धरण्याची ताकद कमी होते. सातवी दंडाच्या मागच्या बाजूने मधल्या बोटापर्यंत जाते. ही सगळ्यांत जास्त वेळा दबते, तिच्या खालोखाल सहावी. आठवी हाताच्या आतल्या बाजूने करंगळी आणि अनामिकेकडे जाते आणि पकड ढिली करते. रेषा प्रत्येकात अगदी नकाशाबरहुकूम नसते. दुखणं इकडेतिकडे पसरतं, म्हणून दुखण्यापेक्षा बोटाच्या टोकाच्या बधिरपणावर जास्त विश्वास ठेवावा.

सातव्या नसेबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण तिची कमजोरी लपून राहते. ही नस दंडाच्या मागच्या स्नायूला, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला, मुख्यत्वे चालवते. हात खाली लोंबत असताना कोपर आपोआपच सरळ होतं, वजनच ते काम करतं. त्यामुळे जेवताना, लिहिताना, गाडी चालवताना काही जाणवत नाही. दुकानाचं शटर वर ढकलताना, माळ्यावर डबा सरकवताना किंवा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना एकदम लक्षात येतं की हात ‘सुटतोय’. तपासायचं असं: हात डोक्याच्या वर न्यायचा, कोपर वाकवून तळहात मानेच्या मागे, आणि तिथून कोपर सरळ करत हात वर न्यायचा. घरातल्या कोणाला तरी मनगटावर दोन बोटांनी हलका अडथळा करायला सांगा. मग दुसरा हात. दुसरी पद्धत म्हणजे भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून एकाच तळहाताने भिंतीवरून स्वतःला मागे ढकलणं, आठ-दहा वेळा, आधी चांगल्या हाताने. दुखऱ्या हाताने पाच-सहा वेळानंतर कोपर थरथरायला किंवा दुमडायला लागलं तर ती कमजोरी. दुखतंय म्हणून जोर लावता न येणं वेगळं आणि न दुखताही जोर न लागणं वेगळं. दुसरं जास्त काळजीचं.

बाकीच्या नसांची ताकद अशीच डावी-उजवी तुलना करून बघता येते: दोन्ही हात बाजूने खांद्याइतके उचलून धरणं, मूठ वळून मनगट वर ओढून धरणं, समोरच्याची दोन बोटं दोन्ही मुठींत एकदम आवळणं. उजव्या हाताचा माणूस उजवीकडे थोडा जास्तच ताकदवान असतो, तेव्हा दुखरा उजवा हात डाव्याइतकाच भरला तरी तो किंचित कमी झालेला असू शकतो.

मान हलवून बघण्याच्या तीन चाचण्या घरी करण्यासारख्या आहेत. पहिली सगळ्यांत सोपी: दुखऱ्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवून मिनिटभर बसायचं. हातातला ठणका उतरला तर नस मानेत दबल्याचा तो चांगला पुरावा, कारण या स्थितीत नसेवरचा ताण सैल होतो. बरेच जण हे न सांगताच करतात, रात्री हात डोक्यावर घेऊन झोपतात. उलट हात वर नेताच खांद्यात कळ आली तर दोष खांद्यात शोधावा. दुसरी: हनुवटी दोन्ही खांद्यांकडे आळीपाळीने वळवून बघायची. दुखऱ्या बाजूला मान ६० अंशही वळत नसेल, म्हणजे खांद्याच्या दिशेने दोन-तृतीयांश जाऊनच अडत असेल, तर ती संशयात भर. तिसरी: सावकाश छताकडे बघत मान दुखऱ्या बाजूला वळवायची, पाच सेकंद थांबायचं. मानेतच दुखलं तर त्याचा फारसा अर्थ नाही. कोपराच्या खाली चमक गेली किंवा बोटांतल्या मुंग्या वाढल्या तर अर्थ आहे, आणि लगेच थांबायचं. या चाचणीत डॉक्टर डोक्यावरून खाली दाबही देतात. तो दाब घरच्यांकडून देऊन घेऊ नका, आणि अपघातात मानेला मार लागला असेल, ताप असेल किंवा पायांत काही जाणवत असेल तर ही चाचणीच करू नका.

यातली एकच चाचणी जुळली म्हणून निदान होत नाही. पण तीन-चार गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवायला लागल्या की बहुधा तेच असतं.

आता फसवणाऱ्या गोष्टी. मनगटात नस दबणं ही सगळ्यांत मोठी. त्यात अंगठा, शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिरते. रात्री दोन-तीनला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. स्कूटरचा दांडा धरून किंवा फोन कानाला लावून पाच-दहा मिनिटं गेली की मुंग्या सुरू होतात. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपणात हे जास्त दिसतं. मनगट पूर्ण वाकवून दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना मिनिटभर चिकटवून धरल्या की मुंग्या आल्या, पण मान हलवून काही फरक नाही, तर मनगटाकडे जा. तुमच्यासारख्या रोज तासभर स्कूटर चालवणाऱ्या माणसात मधल्या बोटाच्या मुंग्यांचं हेही कारण असू शकतं. फऱ्याच्या आतलं दुखणं मात्र त्याने समजावून सांगता येत नाही. कधी कधी मान आणि मनगट दोन्हींत दोष निघतो, तेव्हा एक सापडला म्हणून दुसरा शोधणं सोडायचं नाही.

करंगळीच्या मुंग्यांत अनामिका नीट बघा. कापसाचा बोळा किंवा टिश्यूचं टोक बोटाच्या दोन्ही कडांवरून हलकेच फिरवा. करंगळीकडची कड बधिर आणि मधल्या बोटाकडची कड जागी असेल, तर नस बहुधा कोपराच्या आतल्या बाजूला दबली आहे. कोपर वाकवून तासन्‌तास फोन बघणारे आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकणारे यात जास्त. आठवी नस मानेत दबली तर सहसा अख्खी अनामिका आणि मनगटाच्या वरचा आतला भागही बधिरतो.

आखडलेला खांदा ओळखायला एक हालचाल पुरते. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि दुसऱ्याला तुमचा हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्याने वळवूनही वळत नसेल तर खांद्याचा सांधा आखडला आहे. नसेच्या त्रासात सांधा मोकळा असतो. खांद्याचं दुखणं कोपराच्या खाली क्वचितच जातं आणि मुंग्या आणत नाही.

डाव्या हाताबद्दल वेगळं सांगतो. पर्वतीच्या पायऱ्या चढताना हात भरून येतो आणि थांबलं की पाच मिनिटांत उतरतो, असं असेल तर मानेची चाचणी करत बसू नका, हृदयाची तपासणी करून घ्या. छातीत दडपण, घाम, धाप, जबडा दुखणं यांपैकी काही सोबत असेल तर थेट १०८. मधुमेह असलेल्याला छातीत दुखणार नाही असंही होतं. मान फिरवून वाढणारं दुखणं आणि श्रमाने वाढणारं दुखणं, ही फोड मनाशी पक्की असावी.

एका बाजूला आग-आग होऊन दोन-चार दिवसांत त्याच पट्ट्यात पाण्याने भरलेले फोड आले तर ती नागीण. तिची औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेली बरी. दोन्ही हात आणि दोन्ही तळपाय सारखेच मुंगावत असतील तर साखर आणि बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. पण उलटंही सांगायला हवं. बी-१२ पुरेसं असताना ‘नसेची ताकद’ म्हणून दिलेल्या इंजेक्शनांनी दबलेली नस सुटत नाही.

या सगळ्याहून गंभीर म्हणजे नस नव्हे तर मणक्यांच्या कण्यातला मज्जारज्जूच दबणं. इथे घोटाळा असा की ते बहुतेक वेळा फारसं दुखत नाही, म्हणून लोक थांबतात. खुणा हातांच्या कौशल्यात आणि पायांत दिसतात: शर्टाची वरची बटणं लावायला वेळ लागतो, साडीची पिन लागत नाही, सही बदलल्यासारखी दिसते, फोनवर टाइप करताना चुका वाढतात. चालताना तोल जातो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. मान छातीकडे झुकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. लघवीची घाई होते किंवा सुरू व्हायला वेळ लागतो. घड्याळ लावून १० सेकंदांत मूठ पूर्ण उघड-मीट करा. साधारण २० वेळा व्हायला हवी. वयाप्रमाणे थोडी कमी चालेल, पण बोटं अडखळत असतील, नीट उघडत नसतील, तर हा त्रास घरी ठेवण्यातला नाही. त्याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला किंवा न्यूरोसर्जनला दाखवा. लघवी अडली, संडासवरचा ताबा गेला किंवा चालणं दिवसादिवसाला बिघडत असेल तर त्याच दिवशी. खाजगीतली वेळ मिळत नसेल तर ससूनला जा, थांबू नका.

ताप, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा टीबी, स्थिती बदलूनही न हलणारं रात्रीचं दुखणं, पडल्याचा किंवा गाडीच्या अपघाताचा मार, हातातली कमजोरी दिवसागणिक वाढणं, यांतलं काहीही असेल तर वरच्या घरगुती चाचण्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही दिसतो, आणि सुरुवातीला तो साध्या मानदुखीसारखाच वागतो.

रिपोर्टकडे वळू. एक्स-रेत नस दिसतच नाही. ‘स्पॉन्डिलोसिस’ हे चाळिशीपुढच्या बहुतेक मानांचं वर्णन आहे आणि ‘मानेचा बाक सरळ झाला’ हे स्नायू आखडल्याने किंवा फोटो काढताना हनुवटी जराशी खाली असल्यानेही येतं. ‘मणक्यात गॅप आला’ हे ऐकून घाबरू तर अजिबात नका. बहुतेकदा सांगणाऱ्याला गादीची उंची कमी झाली एवढंच म्हणायचं असतं. एमआरआयही जपून वाचावा लागतो. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचा एमआरआय काढून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत ८७ टक्क्यांहून जास्त लोकांत गादी फुगलेली निघाली, विशीतल्या बहुसंख्यांतसुद्धा. म्हणून रिपोर्टमध्ये काय लिहिलंय यापेक्षा ते हाताशी जुळतं का ते बघायचं. रिपोर्टमध्ये ‘सी’ म्हणजे मानेचा मणका: सी ५-६ ची, म्हणजे पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सहावी नस दाबते, सी ६-७ ची सातवी, सी ७ आणि छातीच्या पहिल्या मणक्यामधली आठवी. तुमच्या रिपोर्टमध्ये दोष डावीकडे असेल आणि मुंग्या उजवीकडे, तर तो दोष तुमच्या दुखण्याचा नव्हे.

एमआरआय लागतो तो ताकद कमी असेल, मज्जारज्जूच्या खुणा असतील, वरची धोक्याची लक्षणं असतील किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही उतार नसेल तेव्हा. नसेची करंट देऊन करायची तपासणी पहिल्या आठवड्यात केली तर पैसे वाया जातात. स्नायूंतले बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. तिच्या पहिल्या भागात, त्वचेच्या नसांच्या वहनात, मानेत नस दबलेली असली तरी सारं नॉर्मल येऊ शकतं, कारण दोष नसेच्या मुळाशी असतो. स्नायूंत सुई घालून करायचा भागही करून घ्यायला हवा. मनगट की मान असा गुंता असेल तेव्हाच ही तपासणी खरी कामाला येते. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी हातोडीने दोन्ही कोपरांचे झटके तपासले का, हे बघा. सातवी नस दबली की कोपराच्या मागचा झटका मंदावतो. एमआरआयची फाइल उघडण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी व्हायला हवी, आणि ती न करता थेट ऑपरेशनची गोष्ट निघाली तर दुसरं मत घ्या.

तोवर काय करायचं? मान मागे टाकणारी कामं बंद: माळा आवरणं, उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, मखराच्या माळा टांगणं, पार्लरमध्ये बेसिनवर डोकं मागे टाकून केस धुणं. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) असेल तर स्क्रीन वाचायला हनुवटी वर जाते का बघा. दिवसभर मान मागे राहण्याचं ते एक छुपं कारण आहे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड, कोपरांना आधार. स्कूटर दोन-तीन आठवडे तरी सोडा. हेल्मेटचं वजन आणि त्यावर गतिरोधकांचे धक्के हे नेमकं नको असलेलं मिश्रण आहे. हेल्मेट काढून गाडी चालवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बसने गेलात तर मागची सीट टाळा. पाठीवरची सॅक दुखऱ्या खांद्यावर एकपट्टी अडकवू नका. झोपताना कुशीवर असाल तर उशी खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी, पालथं झोपणं बंद, आणि दुखऱ्या हाताखाली एक जादा उशी.

केस कापून झाल्यावर मान मोडून घेणं आता कायमचं बंद करा. झटक्याने वळवलेल्या मानेत गादी आणखी सरकू शकते, मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनीही चिरू शकते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातली मान मागे टाकण्याची पायरीही तूर्त नको.

व्यायाम सुरू करायचा तो फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून. सुरुवात सहसा हनुवटी सरळ मागे घेण्याने होते: वर-खाली न करता, दोन-तीन सेकंद धरून, ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. तो व्यायाम लागू पडतोय की नाही हे ओळखायची खूण अशी: दुखणं बोटांतून वर सरकत दंडाकडे, फऱ्याकडे आलं तर बरोबर चाललंय, मग मान आधीपेक्षा जास्त दुखत असली तरी. दुखणं खाली उतरायला लागलं तर तो व्यायाम तिथेच थांबवा. मानेचा मऊ पट्टा प्रवासापुरता, फार तर एक-दोन आठवडे. महिनाभर लावला तर स्नायू सुस्तावतात. ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ओढ देणं, हाताने हलकं ओढून आराम पडतो का ते बघूनच लावतात, न विचारता ऑनलाइन मागवलेलं दाराला टांगायचं यंत्र नको. गोळ्यांचं म्हणाल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्या किडनी, रक्तदाब किंवा ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्याने स्वतःहून घेऊ नयेत. नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन दुचाकी चालवू नये आणि एकदम बंदही करू नयेत. स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला तर मधुमेह असलेल्याने घरी साखर मोजत राहावी.

दर रविवारी तीच भिंतीची चाचणी करून, कोपर थरथरण्याआधी किती वेळा ढकलता आलं तो आकडा लिहून ठेवा. ठणका कमी झाला पण आकडाही घसरला, तर ती सुधारणा नव्हे. नस मंदावत चालल्याने दुखणं कमी झालेलं असू शकतं, आणि तेव्हा सहा आठवड्यांची वाट न बघता दोन दिवसांत दाखवायचं. आकडा टिकून किंवा चढता असेल तर बहुसंख्य लोक ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. सहसा आधी ठणका जातो, मग ताकद भरून येते, बोटाच्या टोकाचा बधिरपणा सगळ्यांत शेवटी, कधी काही महिन्यांनी. तेवढ्या एका गोष्टीसाठी पुन्हा एमआरआय काढायची गरज नसते.